मणक्याचे ऑपरेशन झाले, आता पुढे?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री दवाखाना बंद करण्याच्या वेळेला एक मुलगा घाईघाईने आला. "डॉक्टर, जरा घरी येता का? आईला परवा मिरजेहून आणलंय. मणक्याचं ऑपरेशन झालंय. ती उठायला बघते आणि आजी तिला उठू देईना."

मी गेलो. माजघरात जमिनीवर लाकडी फळी, तिच्यावर सतरंजी आणि त्या सतरंजीवर पंचेचाळिशीच्या बाई उताण्या पडलेल्या. डोक्याखालची उशी काढून घेतलेली. पायाशी सासूबाई पहारा देत बसलेल्या. "डॉक्टर, कण्याला कापलंय तिच्या. हाललं-बिललं आणि आत काही निसटलं, तर जन्माची अधू व्हायची पोरगी," त्या म्हणाल्या. दवाखान्यातून मिळालेला कागद मी मागून घेतला. त्यावर सर्जननी स्वच्छ लिहिले होते : रोज चालावे.

बाईंना कुशीवर वळवून, आधार देऊन उभे केले. अंगणातल्या तुळशीवृंदावनापर्यंत त्या हळूहळू गेल्या आणि परत आल्या. डोळ्यांत पाणी होते. मला वाटले, दुखते आहे. त्या म्हणाल्या, "नाही डॉक्टर, चार महिन्यांनी पाय टेकला आणि कळ आली नाही."

मी जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर. मणक्याचे ऑपरेशन मी करत नाही; ते मोठ्या शहरातले तज्ज्ञ करतात. पण चार-पाच दिवसांत पेशंट गावी परत येतो आणि पुढचे तीन महिने त्याला सांभाळायचे काम घरच्यांचे आणि आमच्यासारख्यांचे असते. ऑपरेशन तास-दोन तासांचे, नंतरचे काम तीन महिन्यांचे. हे दुसरे काम भीतीपोटी बिघडते असा माझा अनुभव आहे. म्हणून आजचा लेख.

ऑपरेशनमध्ये होते काय?

आपल्या दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. अशा एकूण २३ गाद्या. गादीचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या आणि पाचव्याच्या खालच्या गादीवर शरीराचा भार सर्वांत जास्त येतो, त्यामुळे बिघाडही बहुधा तिथेच होतो. "गादी सरकली" असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ती सरकत नाही. करंजीची पारी फाटून सारण बाहेर यावे तसा आतला गर कडे फाडून बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या नसेला दाबतो. मग ढुंगणापासून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत विजेसारखी कळ जाते. यालाच सायटिका म्हणतात.

हे दुखणे फाटलेल्या गादीमुळे होते आणि ऑपरेशनने बरे करता येते, हे १९३४ साली अमेरिकेतील बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले. १९७७ पासून सूक्ष्मदर्शकातून पाहून हे ऑपरेशन होऊ लागले. आता जखम दीड-दोन इंचांची असते. दुर्बिणीने केल्यास त्याहूनही लहान. मणका कापून वेगळा करत नाहीत. मागच्या हाडात नखाएवढी वाट करून नस बाजूला घेतात आणि तिला दाबणारा तुकडा काढून टाकतात. बाकीचा कणा जागच्या जागी, होता तसाच मजबूत राहतो. तेव्हा "हालले की निसटेल" असे आत काही नसते.

सायटिकाच्या प्रत्येक पेशंटला ऑपरेशन लागत नाही, हेही इथेच सांगतो. नेदरलँड्समध्ये २८३ पेशंटांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. काहींचे ऑपरेशन लवकर केले, तर काहींना औषधे व व्यायाम देऊन थांबवले. थांबलेल्यांपैकी शंभरात ३९ जणांना वर्षाच्या आत ऑपरेशन करावेच लागले. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले शंभरात ९५ जण बरे झालेले होते. लवकर ऑपरेशन केलेल्यांच्या पायाची कळ लवकर थांबली, एवढाच फरक. ऑपरेशन म्हणजे जादू नव्हे आणि शिक्षाही नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

माझी एक चूक

त्या सासूबाईंना मी रागावलो नाही. त्याला कारण आहे. १९९७ साली मला दवाखाना सुरू करून जेमतेम दोन वर्षे झाली होती. गावातल्या प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षकांचे हेच ऑपरेशन झाले. आपण त्यांना गुरुजी म्हणू. सर्जननी चालायला सांगितले होते. घरच्यांनी मला विचारले. पाठदुखीला पडून राहणे हेच औषध, असे माझ्या डोक्यात पक्के बसलेले. मी म्हणालो, "घाई कशाला? सहा आठवडे पडून राहा. कणा आहे तो."

गुरुजी आज्ञाधारक. खाटेवरून उतरले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांची एक पोटरी सुजली. पडून राहिल्याने पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर गुरुजी हाती लागले नसते. त्यांना तातडीने मोठ्या दवाखान्यात हलवले आणि ते वाचले. पण तोवर मांड्या काठीसारख्या बारीक झाल्या होत्या. दोन महिन्यांत शाळेत जायचे ते सात महिन्यांनी गेले. गुरुजींनी मला कधी बोल लावला नाही. पण चूक माझीच होती, म्हणून ती इथे लिहितो आहे.

पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने बारीक होतात, रक्ताची गुठळी होऊ शकते, बद्धकोष्ठ होतो, वयस्करांच्या छातीत कफ साठतो आणि मन खचते. म्हणून आता बहुतेक पेशंटांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. नंतरच्या व्यायामाबद्दल झालेल्या २२ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात व्यायाम सुरू केलेल्यांचे दुखणे लवकर कमी झालेले दिसले आणि व्यायामामुळे पुन्हा ऑपरेशनची पाळी आली असा पुरावा सापडला नाही.

कोणते दुखणे केव्हा जाते?

"ऑपरेशन झाले, तरी अंगठा बधिर कसा?" असे म्हणत घाबरून येणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी हा क्रम.

पायातली कळ बहुतेकांची पहिल्या काही दिवसांतच जाते. ऑपरेशन मुख्यतः तिच्यासाठीच असते.

मुंग्या आणि बधिरपणा सावकाश जातो. दगडाखाली दबलेले गवत डोळ्यांसमोर आणा. दगड उचलला तरी गवत त्याच दिवशी हिरवे होत नाही. नसेचे तसेच आहे. इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे एक इंच या गतीने सुधारते. पाऊल कमरेपासून सर्वांत दूर, म्हणून त्याची पाळी शेवटी येते. काही जणांचा थोडा बधिरपणा कायमही राहतो. त्याने चालण्यात सहसा अडचण येत नाही.

पावलातली ताकद परत यायला आठवडे, महिने, कधी वर्षही लागते. दुखणे अंगावर काढून पाऊल पुष्कळ दिवस लुळे पडले असेल, तर ते पूर्ण सुधारेलच असे नाही.

कंबरदुखीचे काय? जखमेचे दुखणे दोन-तीन आठवड्यांत ओसरते. मात्र जुनी कंबरदुखी थोडीबहुत राहू शकते. एखाद्या दिवशी काम जास्त झाले की दोन दिवस कंबर धरते. एवढ्यावरून ऑपरेशन फसले असे समजू नये.

शंभरातील पाच ते पंधरा जणांत त्याच गादीचा उरलेला गर पुन्हा बाहेर येतो. हे लपवण्यात अर्थ नाही. काहींना तेव्हा दुसरे ऑपरेशन लागते, काही औषधांनी बरे होतात.

घरी आल्यावर

झोपणे-उठणे : फळी नको. फार न दबणारी कापसाची गादी आणि गुडघ्याएवढ्या उंचीची खाट उत्तम. जमिनीवरच्या अंथरुणातून उठताना कमरेला ताण पडतो. उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. उठताना ओंडका वळावा तसे खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर व्हावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि कोपराचा जोर देत बसते व्हावे. कंबरेला पीळ देऊ नये.

चालणे : पहिल्या आठवड्यात दिवसातून तीन-चार वेळा पाच ते दहा मिनिटे, सपाट जागेवर. रोज थोडे वाढवत चौथ्या आठवड्यापर्यंत अर्धा तास. पायात सपाट, न घसरणारी चप्पल. पडल्या पडल्या पावले वर-खाली हलवत राहावे. पोटरीतले रक्त खेळते राहते.

बसणे : एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे, पाठ टेकवून, उंच खुर्चीवर. पाटावर मांडी घालून जेवणे किंवा विळीवर भाजी चिरणे पहिले सहा आठवडे नको. ओट्याशी उभे राहून सुरीने चिरावी.

संडास : उकिडवे बसणे सुरुवातीला त्रासाचे होते. भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची दुकानात मिळते, ती भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवता येते. कुंथायला लागू नये म्हणून भरपूर पाणी, पालेभाजी, फळे आणि गरज पडल्यास रात्री इसबगोल घ्यावे.

वजन : पाण्याने भरलेला तांब्या उचलावा, कळशी नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा पंधरा लिटरचा हंडा किती जड होतो ते पाहा. वाकून झाडणे, धुणे पिळणे, बादली उचलणे, नातवंडाला कडेवर घेणे हे सारे सहा आठवडे बंद. पुढे उचलायची वेळ आली, तर गुडघे वाकवून आणि वस्तू पोटाशी धरून उचलावी.

प्रवास : मोटारसायकल साधारण सहा आठवडे नको. एस.टी.ने जायचेच असेल, तर शेवटचे बाक टाळावे आणि गाडी थांबेल तिथे उतरून दोन पावले चालावे. गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असताना कोणतेही वाहन चालवू नये.

जखम : टाके असतील तर साधारण दहा ते चौदा दिवसांत काढतात. तोवर जखम कोरडी ठेवावी. हळद, तेल, कसलेही मलम परस्पर लावू नये. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवीच. ती वाढली की जखम चिघळते. विडी, तंबाखू, मिश्री यांतले निकोटिन रक्तपुरवठा कमी करते. ते सोडायला याहून चांगला मुहूर्त नाही.

व्यायाम : फिजिओथेरपिस्टनी शिकवलेले तेवढेच करावेत. शेजाऱ्याने सांगितलेले किंवा मोबाईलवर पाहिलेले नकोत.

ही सारी माहिती गादीच्या साध्या ऑपरेशनबद्दल आहे. स्क्रू आणि सळ्या बसवून मणके जोडले असतील, तर हाड जुळायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते आणि बंधने जास्त काळ पाळावी लागतात. अपघातात मज्जारज्जूलाच इजा झाली असेल, तर दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीच्या नळीची निगा, हा वेगळाच विषय होतो. एकाचे नियम दुसऱ्याला लावू नयेत. तुमच्या सर्जननी वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे.

काही समजुती

"टाक्यात पू होईल" म्हणून भात बंद, डाळ बंद, आंबट बंद असे पथ्य अजूनही घरोघर चालते. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. जखम भरायला प्रथिने लागतात आणि आपल्याकडे ती डाळी, उसळी, दूध, अंडी यांतूनच मिळतात. ते सगळे बंद करून माणसाला नुसत्या भाकरी-चटणीवर ठेवणे बरोबर नव्हे.

दुसरी समजूत पायाळू माणसाची. पायाळू माणसाने कमरेला लाथ मारली की उसण जाते, असे आपल्याकडे मानतात. उसण बहुधा आपोआपच जाणार असते, म्हणून श्रेय पायाळूला मिळते. ऑपरेशन झालेल्या कमरेवर मात्र लाथ, तुडवणे, जोराचे मालिश यांपैकी काहीही करू देऊ नये.

तिसरी पट्ट्याची. सर्जननी सांगितले असेल तर आणि सांगितले तितकेच दिवस पट्टा वापरावा. कणा सावरण्याचे काम पोटा-पाठीच्या स्नायूंचे आहे, ते पट्ट्यावर सोपवू नये.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

१. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. तो दाबला गेल्याची ही खूण आहे. सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री सर्जनकडे न्यावे.
२. पाय किंवा पाऊल नव्याने लुळे पडणे.
३. ताप, जखमेतून पू, जखम लाल व गरम होणे. तसेच बरे वाटत असताना दोन-चार आठवड्यांनी कमरेत असह्य दुखू लागणे. गादीच्या जागी जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असू शकते.
४. जखमेतून पाण्यासारखा स्राव, किंवा उठून बसले की डोके ठणकते आणि आडवे झाले की थांबते.
५. एका पोटरीला सूज व दुखणे. दम लागणे किंवा छातीत दुखणे असेल तर वाहन ताबडतोब काढावे.

नेहमीचे प्रश्न

कामावर कधी जाता येईल? बैठे काम असल्यास दोन ते सहा आठवड्यांत, मधूनमधून उठण्याची सोय ठेवून. शेतीचे, हमालीचे किंवा इतर कष्टाचे काम असल्यास दोन ते तीन महिन्यांनी, तेही हळूहळू वाढवत.

दुखण्याच्या गोळ्या किती दिवस? चिठ्ठीवर असतील तितकेच. तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहिल्यास जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते.

जिना चढावा का? चढावा. कठडा धरून, सावकाश, दिवसातून एक-दोनदा.

आणखी एक प्रश्न कोणी विचारत नाही, पण मनात सर्वांच्या असतो. पती-पत्नींचे संबंध दोन ते सहा आठवड्यांनी, दुखत नसेल तेव्हा, कमरेवर ताण न येऊ देता सुरू करायला हरकत नसते. ऑपरेशनमुळे संसार संपत नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारायला लाजू नये.

त्या बाईंचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. सहाव्या आठवड्यात त्या दवाखान्यात आल्या, त्या आपल्या पायांनी. तीन महिन्यांनी शिवणयंत्रावर बसू लागल्या. अर्ध्या तासाने उठायचे, म्हणून मुलाने मोबाईलवर गजर लावून दिला आहे. डाव्या पायाचा अंगठा अजून थोडा बधिर आहे आणि तो तसाच राहील, हे त्यांनी मान्य केले आहे. रोज सकाळी त्या मारुतीच्या देवळापर्यंत चालत जातात. बरोबर सासूबाई असतात. परवा त्याच मला म्हणाल्या, "डॉक्टर, पहिल्या दिवशी मीच तिला धरून ठेवलं होतं. आता मला तिच्यामागं पळावं लागतं."

माणसाला जपावे जरूर, पण जपणे म्हणजे अंथरुणाला खिळवणे नव्हे. ऑपरेशन झालेल्याचा हात धरा आणि त्याला अंगणापर्यंत न्या. पुढची वाट तो आपली आपण चालेल.

(पुढील आठवड्यात : टाचदुखी)